अंगभर कवच, तरी एक जागा उघडीच

अकिलीसची टाच, दुर्योधनाची मांडी, सीगफ्रीडची पाठ, इस्फंदियारचे डोळे. ग्रीक, भारतीय, जर्मन, इराणी, सगळीकडे हिरोला मारता येत नाही पण एवढीशी एक जागा राहून गेलेली असते. लोक इथे आर्किटाइप, म्हणजे सगळ्या संस्कृतींत पुन्हा पुन्हा येणारा साचा, म्हणतात आणि विषय संपवतात, पण मला खरी मजा पुढे वाटते, की ती जागा राहते कोणामुळे?

बहुतेक वेळा जीव लावणाऱ्या माणसामुळेच. अकिलीसची आई थेटिस, तिने पोराला स्टिक्स नदीत बुडवलं ते टाच धरून, मग टाच कोरडी राहणारच ना. सीगफ्रीड ड्रॅगनच्या रक्तात न्हाला तेव्हा पाठीवर पान चिकटलं हा योगायोग, पण ती जागा कुठली हे त्याच्या बायकोनेच काळजीपोटी हागेनला, म्हणजे पुढे त्याला मारणाऱ्यालाच, सांगितलं, वर कपड्यावर खूणही शिवून दिली!! नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, कथेतली फ्रिग देवी तर आपल्या मुलासाठी, बाल्डरसाठी, जगातल्या प्रत्येक वस्तूकडून शपथ घेते, फक्त मिसलटो नावाचं बांडगूळ सोडते, का तर ते फारच कोवळं. आता रावण आठवा, देव दानव यक्ष सगळ्यांपासून अभय मागितलं आणि माणसांना मोजलंच नाही. तिकडे आईची माया, इकडे माज, पण हिशोब तोच, हा काय करणार आपलं.

आणि गंमत म्हणजे इलियडमध्ये, म्हणजे अकिलीसच्या मूळ ग्रीक महाकाव्यात, टाचेचं काही नाहीच, उलट एकदा अकिलीसच्या हाताला भाला लागून रक्त येतं. नदीत बुडवल्याची गोष्ट लिहिलेली सापडते ती पार पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे. आपल्याकडेही गांधारीने डोळ्यांवरची पट्टी सोडली आणि दुर्योधनाने लाजून कंबर झाकली हे मूळ महाभारतात नाही, तिथे वनपर्वात दानव त्याला सांगतात की तुझं वरचं अंग शंकराने वज्राचं केलंय आणि खालचं देवीने फुलांचं. म्हणजे नाजूक जागा आधीपासून होती, आई नंतर आणली गेली, बहुतेक ऐकणाऱ्यांना नुसती भीमाची प्रतिज्ञा पुरेना, घरचंच कोणीतरी हवं होतं.

शाहनामा या इराणी महाकाव्यातला इस्फंदियार मात्र यात बसत नाही. पोरगा रुस्तम या वीराच्या हातून मरणार हे ज्योतिषाने बापाला आधीच सांगितलेलं, आणि तरी बापाने त्याला रुस्तमकडेच धाडलं, कारण गादी सोडायची नव्हती. तिथे माया वगैरे काही नाही.