घोड्याचा पोटशूळ आधी खोक्यावर शिकावा

मराठवाड्यात पशुवैद्यकाचे शिक्षण परभणीला आणि उदगीरला मिळते. तेथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा हात गाय, बैल, म्हैस आणि शेळी यांवर बसलेला असतो, कारण आपल्याकडे दवाखान्याच्या दारात रोज येणारी जनावरे तीच. घोडा क्वचित येतो, आणि हे प्रमाण घटतच चालले आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशभरात सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ च्या गणनेत ती ३.४ लाखांवर आली. परंतु जनावरांची संख्या कमी झाली म्हणून त्यांच्यावर ओढवणारे प्रसंग सोपे होत नाहीत. वरातीची घोडी असो, मेंढपाळाच्या बिऱ्हाडाचे तट्टू असो की लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत विक्रीला आणलेला मारवाडी घोडा असो, रात्री तो पोटशुळाने, म्हणजे पोटातल्या तीव्र वेदनेने, लोळू लागला की मालक जवळच्या पशुवैद्यकालाच बोलावतो. त्या पशुवैद्यकाचा हात घोड्याच्या बाबतीत अगदीच नवखा असू नये, यासाठी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून मी सिम्युलेशनचा, म्हणजे प्रसंगाच्या रंगीत तालमीचा, सराव करून घेतो.

घोड्याला उलटी करता येत नाही, ही गोष्ट पहिल्यांदा मनात पक्की करावी लागते. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे असते. लग्नसराईत ताकद टिकावी म्हणून चंदीत, म्हणजे घोड्याच्या खुराकात, हरभरा वाढवला, तो आत फुगला आणि वायू धरला, तर बाहेर पडायला वाट नसते आणि जठर फुटू शकते. अशा वेळी नाकावाटे जठरात नळी घालून दाब उतरवणे हे औषधाइतकेच, किंबहुना काही वेळा औषधाहूनही तातडीचे काम ठरते. मात्र तीच नळी श्वासनलिकेत गेली आणि त्यातून पाणी किंवा तेल सोडले गेले, तर ते थेट फुप्फुसात जाते.

या एका कौशल्यासाठी आम्ही लाकडी खोक्यात दोन मार्ग बसवले आहेत. श्वासनलिकेच्या जागी वायरिंगचा वळ्या असलेला कडक पाइप आहे आणि अन्ननलिकेच्या जागी सायकलची जुनी ट्यूब. नळी आत गेल्यावर विद्यार्थ्याने मोठ्या सिरिंजने हवा ओढायची. कडक पाइपातून हवा सहज येते; ट्यूब मात्र आत ओढली जाऊन नळीला चिकटते आणि दट्ट्या अडतो. हा अडथळा बोटांना एकदा कळला की विसरला जात नाही. मानेच्या डाव्या बाजूने नळी उतरताना दिसली का, हाताला लागली का, जठराचा वास आला का, हेही पाहायचे, आणि या खुणा पटेपर्यंत पाण्याच्या बादलीला हात लावायचा नाही. खोकला आला नाही म्हणजे नळी बरोबर गेली, असा समज विद्यार्थ्यांमध्ये फार आढळतो. तो चुकीचा आहे, कारण गळून गेलेला घोडा नळी श्वासनलिकेत जाऊनही खोकेलच असे नाही.

गुदमार्गातून तपासणी करताना गाई-म्हशींवर बसलेला हातच आड येतो. गाईचा गुदमार्ग बराच जोर सहन करतो. घोड्याचा फाटतो, आणि फाटला तर बहुधा जनावर हातचे जाते. म्हणून खोक्यातील गुदमार्ग आम्ही मुद्दाम पातळ पॉलिथिनचा केला आहे. बोटे जुळवून, भरपूर वंगण लावून, आकुंचन आले की हात मागे घेत पुढे जायचे. पॉलिथिन फाटले की तपासणी तेथेच थांबते. त्यापलीकडे हवा भरलेल्या सायकल ट्यूबची वेटोळी म्हणजे फुगलेले लहान आतडे, आणि पातळ रबरी पिशवीत गच्च भरलेला ओला कोंडा म्हणजे मोठ्या आतड्याच्या वळणावर अडकलेली लीद. कोंड्यावर बोट दाबले की खूण उमटते, ट्यूबवर उमटत नाही. निदानाच्या पुस्तकी वर्णनाला हाताची ओळख मिळते ती येथे.

ब्रिटनमध्ये सारा बेली यांनी गाईच्या अशाच तपासणीसाठी संगणकाला जोडलेली ‘हॅप्टिक काऊ’ तयार केली, ज्यात न दिसणाऱ्या अवयवांचा स्पर्श यंत्र बोटांना देते. असे साधन आपल्याकडे यावे, असे मला मनापासून वाटते. परंतु ते येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

सरावातील सर्वांत अवघड भाग मात्र माणसांचा असतो. एक विद्यार्थी मालक होतो आणि “साहेब, घोडी सकाळपासून चंदीला तोंड लावीना, उद्या वरात हाय,” असे सांगत राहतो. दुसरा गर्दीतून बाटलीने तेल पाजायचा सल्ला देतो, ज्याला तेथल्या तेथे ठामपणे नकार द्यायचा असतो. मोबाइलवर हृदयाचे ठोके वाजत असतात. निरोगी घोड्यात ते मिनिटाला २८ ते ४४ असतात. येथे ते ४८ वरून ६४ वर आणि पुढे ८० वर जातात. वेदनाशामक दिले की घोडी शांत उभी आहे, असे मी जाहीर करतो, पण ठोके उतरू देत नाही, म्हणजे धोका टळलेला नसतो. या टप्प्यावर मालकाला धीर देऊन घरी जायचे, की शस्त्रक्रियेची सोय आहे तेथे आताच हलवा, खर्च होईल आणि तरीही खात्री नाही, असे स्पष्ट सांगायचे? हे वाक्य उच्चारायला भल्या हुशार विद्यार्थ्यांनाही जड जाते, आणि म्हणूनच ते आधी कधीतरी उच्चारलेले असावे. सरावानंतर आम्ही बराच वेळ बसून बोलतो. कोण कोठे थांबला आणि का, यावरच अधिक.

खोके लाथ मारत नाही, कान मागे टाकत नाही. जिवंत घोड्याच्या खांद्यालगत कसे उभे राहावे, मोरखी, म्हणजे तोंडाला बांधलेली दोरी, कोणाच्या हाती द्यावी, हे शांत स्वभावाच्या घोडीपाशी उभे राहून, घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराकडूनच शिकले पाहिजे.

पुढची प्रतिकृती विणाऱ्या घोडीची करायची आहे. पाणी फुटल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांत शिंगरू बाहेर आले पाहिजे, आणि पांढुरक्या पडद्याऐवजी लाल, मखमली पडदा आधी दिसला तर तो लगेच फाडावा लागतो. तेवढ्या वेळात खेड्यावर पोहोचणे बहुतेक वेळा शक्य नसते. त्यामुळे त्या सरावात एक विद्यार्थी मालक म्हणून घोडीपाशी राहील आणि दुसरा पशुवैद्यक म्हणून फोनच्या दुसऱ्या टोकाला.