पुढे १५, मागे २६

परवा दुपारी पंपावर हवा भरणाऱ्या मुलाने "किती?" असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता चारही चाकांत सारखीच हवा भरून तो मागच्या गाडीकडे वळला. एरवी मी हे चालवून घेतो; त्या दिवशी मात्र मला शेव्हरोलेची कॉर्वेअर आठवली. या अमेरिकन गाडीच्या पुढच्या चाकांत १५ आणि मागच्या चाकांत २६ पौंड हवा ठेवावी, असे कंपनीचे सांगणे होते.

१५ पौंडांचे चाक म्हणजे आपल्या लेखी जवळजवळ पंक्चरच. पण १९६० च्या मॉडेलपासून आलेल्या या गाडीचे सहा सिलिंडरचे, हवेनेच थंड होणारे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले असल्यामुळे निम्म्याहून बरेच अधिक वजन मागे पडे. शिवाय मागच्या आसाची रचना अशी, की जोरात वळण घेतले तर बाहेरच्या बाजूचे चाक गाडीच्या पोटाखाली दुमडू पाही. मागची बाजू बाहेर फेकली जाऊ नये म्हणून पुढच्या चाकांची पकडच मुद्दाम कमी ठेवायची, असा तो हिशेब होता. माझे वडील स्कूटरचे टायर अंगठ्याने दाबून पाहत आणि "पुढे जरा कमीच राहू दे," असे सायकलवाल्याला बजावत. त्यांना कॉर्वेअर शोभली असती.

त्या इंजिनाची आणखी एक गंमत अशी, की पंख्याचा पट्टा मागच्या उभ्या पुलीवरून निघून काटकोनात वळे आणि वरचा आडवा पंखा फिरवी. तो तुटला की इंजिन तापलेच, म्हणून जाणकार मालक जादा पट्टा जवळ बाळगत.

अमेरिकेतले ग्राहकहक्कांचे कार्यकर्ते राल्फ नेडर यांनी १९६५ साली मोटारींच्या सुरक्षिततेवरच्या आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात या गाडीचे वाभाडे काढले, आणि त्याच वर्षीच्या मॉडेलला मागचे सस्पेन्शन पूर्णपणे नवे मिळालेले होते. १९६९ साली उत्पादन थांबले. जुनी कॉर्वेअर तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती, असा सरकारी अहवाल १९७२ मध्ये आला.

अहवाल खरा असेलही. मला मात्र पुढच्या अँटी-रोल बारचा, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे रोखून मागची बाजू आवरायला मदत करणाऱ्या दांडीचा, विचार सोडत नाही. १९६२ पासून जादा पैसे मोजणाऱ्याला तो मिळत होता आणि १९६४ मध्ये सगळ्याच गाड्यांना बसवला गेला. तोवर त्याचे काम हवेवर सोपवलेले होते.