तुम्ही विचारलंत म्हणून: बिनलिफ्टचा फ्लॅट का घेतला?

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचतो, पाणी पितो, घर बघतो (बघायला दोन मिनिटं पुरतात) आणि मग विचारतोच, की एवढ्या पैशात हिंजवडीच्या पुढे मस्त थ्री बीएचके आला असता, पुण्यातल्या कोथरूडमधला हा तीस वर्षं जुना टू बीएचके का घेतलात?

आला असता काय, आलाच होता. २०२३ च्या जानेवारीत हिंजवडीजवळच्या मारुंजीला ९२ लाखांना अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट जवळजवळ फायनल होता, टोकन द्यायचं तेवढं बाकी. दोन बाल्कन्या, स्विमिंग पूल, शिवाय नवऱ्याचं ऑफिस हिंजवडी फेज टूला म्हणजे त्याला पंधरा मिनिटं. टॉवर अजून नुसता सांगाडा होता. सेल्सवाला म्हणाला २०२४ डिसेंबरला पझेशन, आणि मी रात्री महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) साईटवर तोच प्रोजेक्ट उघडून बघितला तर तिथे बिल्डरने स्वतःच २०२५ डिसेंबर टाकलेलं. म्हणजे आणखी एक वर्ष भाडं आणि हप्ता दोन्ही. ज्यांचं बुकिंग चाललंय त्यांनी ब्रोशर राहू द्या, आधी ती तारीख बघा.

पण टोकन थांबलं ते या तारखेमुळे नाही, ट्रायलमुळे. आमची मुलगी तेव्हा दुसरीत, शाळा कर्वे रोडला, सेमी इंग्लिश, सकाळची ७:१० ची. मी म्हटलं एक दिवस तिथून शाळेत जाऊन तर बघू. मंगळवारी पहाटे तिला झोपेतच युनिफॉर्म चढवला, आधी गाडीने साईटच्या गेटपर्यंत गेलो आणि तिथून ६ वाजता उलटे निघालो. भूमकर चौकापर्यंत ठीक होतं, मग हायवे, मग चांदणी चौक, तिथला जुना पूल पाडून झाला होता पण नवीन रस्ता अजून व्हायचा होता त्यामुळे सगळं डायव्हर्जन. ७:०५ ला गेटवर पोचलो. मागे वळून बघते तर पोरगी पोळीचा रोल अर्धा खाऊन हातात तसाच धरून झोपलेली, तूपसाखर फ्रॉकवर ओघळलेली. नवरा काहीच बोलला नाही. परत निघताना म्हणाला, "आणि हे रोज."

शाळा बदलायची की, असंही लोक म्हणतात. तेही करून बघितलं. मारुंजीच्या जवळची एक सीबीएसई शाळा बघून आलो, वर्षाला १ लाख ४० हजार फी, बस वेगळी. छान होती शाळा, खोटं कशाला बोलू. फक्त ॲडमिशनवाल्या बाई मला धीर देत म्हणाल्या, "मराठीचं टेन्शन घेऊ नका मॅडम, आम्ही ते अगदी बेसिक ठेवतो." मराठी सगळ्या बोर्डांना सक्तीचं करणारा कायदा २०२० सालीच आलाय, तो इथे असा बेसिक झालेला. मला घरी आजीशी भांडता येईल एवढं मराठी पोरीला यायला हवं होतं, आणि तिच्या आताच्या शाळेत ते फुकटात येत होतं.

मग कोथरूड. १९९३ ची बिल्डिंग, कार्पेट (म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा) ६२० चौरस फूट, ८४ लाख. बाथरूमच्या भिंतीला पोपडे, पार्किंग म्हणजे जो आधी येईल त्याचं. हिशोबात एक गोष्ट बरी होती, रीसेलला जीएसटी नाही, तिकडे बांधकाम चालू म्हणून ५ टक्के म्हणजे ४ लाख ६० हजार नुसता जीएसटी होता. स्टॅम्प ड्युटी पुण्यात ७ टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, आमचे ८४ हजार वाचले. यावरून घरात जरा वाजलंच कारण नवरा मालक नाही म्हटल्यावर त्याला हप्त्यावर टॅक्सची सवलत घेता येत नाही. शेवटी माझ्या नावावर झालं. लोन ६० लाख, हप्ता ५३ हजार, आणि त्यात को-ॲप्लिकंट म्हणून सही मात्र त्याची. हे तो अजून ऐकवतो. फ्लॅट विकणाऱ्या मालकांनी थोडी रक्कम कॅशमध्ये मागितली होती, आम्ही नाही म्हटलं, तीन आठवडे फोनच नाही, मग आला.

खरी अडचण सासूबाईंची होती. त्या फ्लॅट बघायला आल्या तेव्हा किचन नाही, हॉल नाही, जिना मोजला. वर येऊन म्हणाल्या, "अडतीस." मग नळ सोडून बघितला, पाणी किती वाजता येतं ते शेजारच्या काकूंना विचारलं आणि खुर्चीवर बसून राहिल्या. मारुंजीला टँकरचं पाणी असतं पण लिफ्ट असती. इथे महापालिकेचं पाणी होतं आणि अडतीस पायऱ्या होत्या, गुडघे मात्र तेच. मी म्हटलं, "आई, तुम्हाला नको असेल तर नको घेऊ." तर म्हणाल्या, "अगं मी दिवसातून एकदा उतरणार, ती पोर तिकडे रोज पहाटे उठणार. घ्या."

म्हणून कोणी विचारलं, की तुम्ही लोकेशन निवडलंत का शाळा, तर मला नीट उत्तर देता येत नाही. माझं डेक्कनचं ऑफिस वीस मिनिटांवर आलं, पोरगी चालत शाळेत जायला लागली, पावणेसातला उठते. नवरा आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास बसतो. आणि सासूबाई एकदाच उतरतात. भाजीवाला आला की गॅलरीतून दोरीने टोपली खाली सोडतात, भाव वरूनच करतात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. अगदी मान्य आहे, आम्हा दोघींची सोय या दोघांच्या खात्यातून झाली. मारुंजीला हेच उलटं झालं असतं.

आता नवीनच. सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं, म्हणजे जुनी बिल्डिंग पाडून नवीन बांधायचं चाललंय. जमीन अजून जुन्या मालकाच्याच नावावर असल्याचं निघालं, म्हणून आधी डीम्ड कन्व्हेयन्सची (जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायची) फाईल, मग बिल्डरांचे प्रस्ताव. म्हणजे कधीतरी तीन वर्षं भाड्याने राहायला जावं लागणार, आणि माझा अंदाज असा की ते नेमकं पोरीच्या दहावीला येणार. भाड्याचं घरही शाळेजवळच शोधावं लागेल, तेव्हा काय भाडी असतील कोण जाणे. परवा गच्चीवर मीटिंग झाली, सासूबाई काठी टेकत वर दोन मजले चढून आल्या. सगळे एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण) आणि जादा कार्पेट यावर भांडत होते. त्यांनी हात वर करून विचारलं, "लिफ्टला जनरेटर आहे का?"