पाव गुण

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी काटोल तालुक्यातल्या एका संत्र्याच्या बागेत बोअरच्या गाडीशेजारी उभी होते. कम्प्रेसरच्या आवाजात ‘अमृत महोत्सव’ आणि ‘दोन पानं’ एवढंच ऐकू आलं. हो म्हणून टाकलं. रात्री लिहायला बसले, तर शाळेचं म्हणून जे जे आठवलं त्या सगळ्यात बाई होत्या. प्रार्थना, स्नेहसंमेलन, चिंचेखालचा नळ यांवर बाकीचे लिहितीलच, मी बाईंवर लिहिते. आमच्या आगेमागच्या तुकड्यांना कोणत्या बाई ते सांगावं लागणार नाही. विज्ञानाच्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत कायम एक भिंग.

१९८६ साल, मी आठवीत. वडील उमरेडच्या कोळसा खाणीत कामाला होते आणि मी शिक्षणासाठी नागपुरात, महाल भागात मावशीकडे राहायची. एका रविवारी वडील आले, डब्याच्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दगड काढून म्हणाले, “हे पाय, तुले शाळेत दाखवाले होईन.” वहीएवढा, करड्या रंगाचा, पाटीसारखा थराथरांचा दगड. त्यावर वीतभर लांबीचं एक पान उमटलेलं, मधली शीर इतकी स्पष्ट की नख लावून बघावं.

सोमवारी बाईंनी तो टेबलावर ठेवला आणि नाव न सांगता विचारलं, “काय आहे हे?” मागच्या बाकावरून आलं, “बाई, कोणी तरी कोरून ठेवलं असन.” मी ठासून सांगितलं की हे आंब्याचं पान आहे, चिखलात पडलं आणि चिखलाचा दगड झाला. तिसरी एक मुलगी हळूच म्हणाली, आता नसलेलं एखादं झाड असेल. बाईंनी तिन्ही अंदाज फळ्यावर एकाखाली एक लिहिले. शेजारी उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘हे खोटं असेल तर काय दिसेल?’ खरं असेल तर काय दिसेल, असं नाही. त्या वयात हा फरक मला कळला नव्हता, पण तो फळा अजून डोळ्यांसमोर आहे.

“कोणी कोरलं असेल तर वरच कोरलं असेल,” बाई म्हणाल्या. “आत पान सापडलं तर हा अंदाज गेला. म्हणजे दगड फोडावा लागेल.” मग माझ्याकडे वळल्या. “दगड तुझा आहे. तू नाही म्हणालीस तर नाही फोडणार.” वडिलांनी एवढ्या लांबून आणलेला दगड! घशात आवंढा आला. तरी मान हलवली. शिपाईकाकांनी सुतारकामाची छिन्नी आणि हातोडी आणली, थराच्या रेघेवर छिन्नी टेकवली आणि हलकेच ठोकत गेले. तिसऱ्या ठोक्याला दगड पुस्तकासारखा उघडला. आत आणखी दोन पानं होती, एकावर एक तिरपी पडलेली. एका फाकीवर उठावात, दुसऱ्या फाकीवर खोलगट. अख्खा वर्ग बाकं सोडून टेबलाभोवती आला आणि बाईंनी कोणाला जागेवर बसा म्हटलं नाही. ज्या मुलाचा अंदाज पडला होता त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “तू कोरलेलं म्हणाला नसतास तर आपण हा फोडला नसता. आतली पानं तुझ्यामुळे मिळाली.”

मग माझी पाळी. टाकीमागच्या आंब्याचं पान तोडून आणलं, भिंग बाकाबाकावर फिरलं. आंब्याच्या पानात मधल्या शिरेपासून ठसठशीत आडव्या शिरा निघून कडेपर्यंत जातात. दगडातल्या पानात तशी एकही नव्हती. नुसत्या बारीक शिरा, एकमेकींना मिळत, जाळं विणत कडेला गेलेल्या. बघताक्षणी कळलं की मी चुकले. बाईंनी खडू माझ्या हातात दिला आणि माझ्याच हातानं माझा अंदाज खोडायला लावला. तिसऱ्या अंदाजापुढे मात्र त्यांनी बरोबरची खूण केली नाही. “हा अजून पडलेला नाही, एवढंच,” म्हणाल्या.

त्याच आठवड्यात कॉलेजातल्या ओळखीच्या प्राध्यापकांना दाखवून त्यांनी नाव आणलं: ग्लॉसॉप्टेरिस. २५ कोटी वर्षांहून जुनं. उमरेडचा कोळसा ज्या जंगलांचा झाला त्या जंगलांतलं. वडील रोज जे उकरत होते ते झाडच होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचे तीन तास त्या पानावर गेले, अभ्यासक्रम बाजूला राहिला. नावाचा अर्थ जिभेसारखं नेचं. १८२८ साली अडॉल्फ ब्रॉन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते नाव दिलं, कारण नेच्याचंच पान वाटलं. पुढे १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड यांनी पानांना जोडलेले बीजधारी अवयव दाखवले. नेच्याला बी येत नाही, म्हणजे हे नेचं नव्हे. समजूत बदलली, नाव राहिलं. गोंडवनाचंही तसंच. एडुआर्ड सुएस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं ज्या प्राचीन भूभागाला गोंडांच्या या मुलखाचं नाव दिलं, त्याचे मधले तुकडे समुद्रात बुडाले असं त्याला वाटत होतं. बुडाल्याची गोष्ट गेली, नाव जगभर झालं. गोंड राजा बख्त बुलंद शहानं वसवलेल्या शहरात बसून हे ऐकताना छाती किती फुगली होती!

मग वेगेनर. आल्फ्रेड वेगेनर, हवामानशास्त्रज्ञ. खंड पूर्वी एकत्र होते आणि सरकत दूर गेले, हे त्यानं १९१२ मध्ये मांडलं. हेच पान भारतात, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात कसं, हा त्याच्या पुराव्यांपैकी एक. त्याच वर्षी दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती बर्फात मेले. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड निघाले, मरेपर्यंत ओढत आणलेले, आणि त्यांत अंटार्क्टिकाचं ग्लॉसॉप्टेरिस होतं. हे सांगताना बाईंचा आवाज बारीक झाला होता.

एवढं असूनही वेगेनरचं बहुतेकांनी मानलं नाही. आम्ही पोरं त्या न मानणाऱ्यांवर तुटून पडलो, तर बाईंनी थांबवलं. “ते मूर्ख नव्हते. ढकलतं कोण, हा त्यांचा प्रश्न खरा होता आणि वेगेनरकडे त्याचं धड उत्तर नव्हतं.” तो १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात वारला, उत्तर न मिळताच. उत्तराची वाट समुद्राच्या तळातून आली. बाईंनी दोन बाकं एकमेकांना लावली, फटीतून काळ्या कागदाच्या दोन पट्ट्या वर घेतल्या आणि दोघांना दोन बाजूंनी सावकाश ओढायला सांगितलं. कागद फटीतून बाहेर येईल तसतशा त्या दोन्हीकडे एकदम खडूची आडवी रेघ मारायच्या, कधी जाड, कधी बारीक. शेवटी पाहिलं तर डावीकडच्या रेघा उजवीकडच्यांचं आरशातलं रूप. समुद्रतळाच्या खडकांत चुंबकीय पट्टे, म्हणजे चुंबकाची दिशा एकआड एक उलट टिपलेले खडक, तसेच सापडले, मधल्या डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना, आणि १९६३ मध्ये वाइन आणि मॅथ्यूज यांनी त्याचा अर्थ लावला: तळ मधोमध फाटतो, नवा होतो, दोन्हीकडे सरकतो. बाईंच्या मास्तरांनी त्यांना शाळेत खंड जागचे हलत नाहीत असंच शिकवलं होतं. “मी परीक्षेत तेच लिहून पूर्ण गुण मिळवलेत,” त्या म्हणाल्या.

आता माझ्या गुणांची गोष्ट. २८ फेब्रुवारी १९८७, देशातला पहिला राष्ट्रीय विज्ञान दिन. आपल्या शाळेत चित्रांची स्पर्धा होती, दहा गुणांची. मी लांब मानेचा डायनोसॉर काढला आणि त्याच्या पायाशी श्रावणातल्या अंबाझरीसारखं हिरवंगार कुरण. साडेनऊ मिळाले. कोपऱ्यात बाईंचा शेरा: ‘तेव्हा गवत नव्हतं. अर्धा गुण वजा.’ त्या अर्ध्या गुणानं माझा पहिला नंबर गेला. मी दोन दिवस बाईंशी बोलले नाही. त्यांनी मात्र मधल्या सुट्टीत बोलावून पुस्तक उघडून दाखवलं होतं, गवत त्यानंतरचं असं त्यात स्पष्ट छापलं होतं.

डिसेंबर २००५. मी यवतमाळला नोकरीत होते. एक पोस्टकार्ड आलं. अक्षर पाहूनच उभी राहिले. ते माझ्यापुढेच आहे, जसंच्या तसं उतरवते:

‘चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद. पेपरात वाचलंस का? वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या शेणाचे जे दगड मिळतात त्यांत गवताचे कण सापडले. माझा शेरा चुकीचा ठरला. तुझा अर्धा गुण कापला होता, त्यातला पाव परत करते. उरलेला पाव ठेवून घेते, कारण तू अख्खं कुरण काढलं होतंस आणि पुरावा थोड्या गवताचा आहे. त्या शेणात इतर झाडपाल्याचंही पुष्कळ निघालं. आणखी एक. मी “गवत नव्हतं” असं लिहायला नको होतं. “गवत मिळालेलं नाही” असं लिहायला हवं होतं. ती चूक पिसदुऱ्याच्या आधीपासूनची, माझी स्वतःची.’

तुम्हीच सांगा, निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झालेल्या कोणत्या शिक्षकाला अठरा वर्षांपूर्वीचा अर्धा गुण आठवतो, आणि कोण तो असा तोलून परत करतो?

बातमी खरीच मोठी होती. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांचे सहकारी यांनी ते शेणदगड तपासले. गवताच्या पात्यात सिलिकाचे, गारगोटीच्या जातीचे, सूक्ष्म कण असतात, पातं बोटाला कापतं ते त्यांच्यामुळेही. पातं कुजतं, कण उरतात, आणि कणाच्या आकारावरून गवत कोणत्या गटातलं ते ओळखता येतं. किमान पाच प्रकारचे कण मिळाले, काही भाताच्या, बांबूच्या गोतातल्या गवतांसारखे. गवत डायनोसॉरच्या नंतर पसरलं ही समजूत चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेतात पडलेल्या गोळ्यांनी हलवली. पिसदुरा काही नवं ठिकाण नव्हे. आपल्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच तिथले जीवाश्म उजेडात आणले होते. दगड तिथेच होते, पण त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

बाईंना पिसदुऱ्याला न्यायचं मी कळवलं होतं. दिवाळीत जाऊ म्हटलं, मग उन्हाळ्यात, मग पुढच्या दिवाळीत. २००७ च्या पावसाळ्यात बाई गेल्या. मी एकटी जाऊन आले, तेही पुढे चार वर्षांनी. काळ्या मातीत वाकून चालत होते आणि सारखं वाटत होतं, पिशवीतून भिंग काढणारा हात शेजारी हवा होता.

मी आज भूजलाचं काम करते. नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं, काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात बऱ्यापैकी नाव आहे. पण सुरुवातीच्या वर्षांत एका बागेत मी खात्रीनं सांगितलं होतं की लाव्हाच्या दोन थरांच्या मधे पाणी लागेल, तिथला दगड सच्छिद्र असतो. थर सांगितला तिथेच आला आणि बोअर कोरडी गेली. शेतकरी काही बोलला नाही, नुसता खाली बसला. त्याच्या पैशांचा विचार मला आजही बोचतो. त्या रात्री मी बोअरची भुकटी दर दहा फुटांची वेगळी पसरून भिंगाखाली पाहिली. छिद्रं होती, पण सगळी पांढऱ्या खनिजानं बुजलेली. ‘सच्छिद्र म्हणजे पाणी’ हे माझं सूत्र होतं, ते तिथे पडलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बोअरच्या वहीत पानाच्या मध्यावर उभी रेघ असते आणि वर फळ्यावरचं ते वाक्य. सोबतच्या पोरांनाही गाडी लावण्याआधी ते भरायला लावते. गावचा पाणाड्या नारळ घेऊन आला तर त्यालाही विचारते, पाणी नाही लागलं तर काय समजायचं? अजून एकानंही उत्तर दिलेलं नाही.

गेल्या वर्षी शाळेत येऊन गेले. इमारत सुरेख झाली आहे, प्रत्येक वर्गात पडदा आहे, डायनोसॉर पडद्यावर चालतात. मला ते वाईट म्हणायचं नाही. पण प्रयोगशाळेतलं नमुन्यांचं कपाट नाही. खालच्या खणात कामठीचा वालुकाश्म, वरच्यात सेमिनरी हिल्सच्या सहलीत वेचलेल्या, लाव्हाच्या थरांमधल्या, दगड झालेल्या गोगलगायी, आणि प्रत्येकाखाली बाईंच्या अक्षरात पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी. शाई त्या वापरत नसत. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर नेली तेव्हा कपाट कुठे गेलं, ते कोणालाच सांगता आलं नाही.

म्हणून हे सगळं लिहिलं. त्या दिवशी दगडाच्या दोन फाकी झाल्या. उठावाची माझ्याकडे आहे, ती मी महोत्सवाच्या दिवशी शाळेत जमा करते आहे. खोलगट फाक बाईंनी कपाटात ठेवली होती. वहीच्या आकाराची, करडी, उजव्या कोपऱ्यात छिन्नीचा पांढरट टवका, मागे चिठ्ठी: ‘ग्लॉसॉप्टेरिस. उमरेड. आठवी ब.’ कोणी आठवण म्हणून नेली असेल, कोणाच्या घरी कुंडीखाली असेल, तर कृपा करून समितीकडे आणून द्या. दोन्ही फाकी एकमेकींवर नीट बसतात का ते पाहायचं आहे.