घुमट आरतीच्या सूचीचा क्लोन टेस्ट सर्व्हरवर: या महिन्याची नोंद

गोव्यात डिचोली येथील आमच्या घरी चालणाऱ्या सर्व्हरवर आसपासच्या वाड्यांतील घुमट (मातीचे तालवाद्य) आरती आणि भजनांच्या ध्वनिमुद्रणांची सूची आहे. हा सर्व्हर डेबियन ११ (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम) आणि पोस्टग्रेएसक्यूएल १३ (डेटाबेस सॉफ्टवेअर) यांवर चालतो. पोस्टग्रेएसक्यूएलच्या या आवृत्तीसाठी सुधारणा येणे नोव्हेंबर २०२५ मध्ये बंद झाले, म्हणून चवथीपूर्वी डेबियन १३ आणि पोस्टग्रेएसक्यूएल १७ वर जायचे ठरवले आहे. मूळ सर्व्हरला हात लावण्याआधी सगळा प्रयोग खऱ्या माहितीवर, पण वेगळ्या यंत्रावर, म्हणजे टेस्ट सर्व्हरवर, करून पाहणे मला आवश्यक वाटले. सूचीत कलाकारांचे फोन क्रमांक आणि पत्तेही आहेत. त्यांनी ते विश्वासाने दिले असल्यामुळे टेस्ट सर्व्हरपर्यंत कोण पोहोचू शकते, हा प्रश्न माझ्यासाठी आवृत्तीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा होता.

माहिती एका तिसऱ्या यंत्रावर, झेडएफएस या साठवण-प्रणालीतील ब्लॉक व्हॉल्यूममध्ये (डिस्कसारख्या वापरता येणाऱ्या भागात) ठेवलेली आहे. ते व्हॉल्यूम आयस्कझी या नेटवर्कवरून डिस्क जोडण्याच्या पद्धतीने मूळ सर्व्हरला डिस्क म्हणून दिसते आणि त्यावर एक्सएफएस फाइल सिस्टिम आहे. डेटाबेसच्या फाइली आणि त्याचा व्यवहार-लॉग (बदलांची नोंदवही) एकाच व्हॉल्यूमवर असल्यामुळे स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे व्हॉल्यूमच्या गोठवलेल्या प्रतीत, दोन्ही एकाच क्षणाचे मिळतात. त्या स्नॅपशॉटवरून उभा राहिलेला डेटाबेस अचानक वीज गेल्यानंतर सुरू होतो तसाच, लॉग पुन्हा चालवून, सावरतो. हे दोन भाग वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर असतील, तर स्नॅपशॉट वरच्या डेटासेटवरून रिकर्सिव्ह, म्हणजे आतल्या सर्व व्हॉल्यूमसह एकदम, घ्यावा, म्हणजे सर्वांचा क्षण एकच राहतो. स्नॅपशॉटवरून क्लोन, म्हणजे लिहिता येणारी प्रत, तयार व्हायला क्षणभरही लागला नाही आणि सुरुवातीला त्याने जागाही जवळजवळ घेतली नाही, कारण बदललेले ब्लॉकच काय ते नव्याने लिहिले जातात.

इथपर्यंत सर्व सुरळीत झाले. पण टेस्ट सर्व्हरवर आयस्कझी लॉगिन केल्यावर एका डिस्कऐवजी दोन डिस्क दिसल्या. दोघींचा आकार एकच होता आणि फाइल सिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांकही एकच होता. एक माझा क्लोन होता आणि दुसरी मूळ सर्व्हरवर त्या क्षणी चालू असलेली खरी डिस्क होती! वेळ वाचवण्यासाठी मी टेस्ट सर्व्हर मूळ सर्व्हरच्या सिस्टिम डिस्कची प्रत काढून उभारला होता, त्यामुळे आयस्कझी इनिशिएटरचे (डिस्क मागणाऱ्या बाजूचे) नाव आणि चॅप या ओळख-तपासणीचा पासवर्ड हे दोन्ही त्या प्रतीबरोबर आले होते. प्रवेश देणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने दोन्ही सर्व्हर एकच होते.

हा धोका किती मोठा होता, ते सविस्तर सांगितले पाहिजे. एक्सएफएस ही एकाच वेळी दोन यंत्रांनी माउंट करण्याची (वापरासाठी जोडण्याची) फाइल सिस्टिम नव्हे. चुकून खरी डिस्क माउंट झाली असती आणि मी केवळ वाचनासाठी म्हणजे रीड-ओन्ली माउंट केली असती, तरीही एक्सएफएसने आपला लॉग पुन्हा चालवण्यासाठी त्या डिस्कवर लिहिले असते. तिकडे मूळ सर्व्हर त्याच डिस्कवर लिहीतच होता. रीड-ओन्ली म्हणजे सुरक्षित, हा माझा समज त्या संध्याकाळी पूर्णपणे मोडला.

मी लगेच दोन्ही सेशन बंद केली, टेस्ट सर्व्हरसाठी नवे इनिशिएटर नाव तयार केले, जुन्या टार्गेटच्या (डिस्क देणाऱ्या बाजूच्या) नोंदी पुसल्या आणि नवा पासवर्ड दिला. तरीही इनिशिएटरचे नाव म्हणजे शेवटी एका फाइलमधील ओळ असते आणि ती कोणीही बदलू शकतो, म्हणून तेवढ्यावर विसंबणे मला पटले नाही. आता टेस्ट सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) आहे, आणि तिथून आयस्कझीच्या पोर्ट ३२६० वर क्लोनचा पत्ता तेवढा दिसतो, खऱ्या टार्गेटचा पत्ता पोहोचण्याच्या कक्षेतच नाही. टेस्ट सर्व्हरला इंटरनेटही नाही. पॅकेजे घरच्याच कॅशमधून येतात. हे निर्बंध घातल्यानंतरच डेटाबेस सुरू केला, आणि ते योग्यच ठरले, कारण तालमीची आठवण करून देणाऱ्या न गेलेल्या संदेशांची रांग डेटाबेसबरोबर तशीच आली होती. बाहेरचा रस्ता खुला असता, तर ते संदेश मंडळांतील सर्वांना दुसऱ्यांदा गेले असते. रांग रिकामी केली आणि फोन क्रमांकांच्या जागी बनावट आकडे भरले.

दोन तारखांचे क्लोन शेजारी ठेवून तुलना करताना दुसरा क्लोन माउंट होईना, कारण यूयूआयडी आधीच वापरात होता. तात्पुरत्या कामासाठी माउंट करताना ही तपासणी टाळणारा नोयूयूआयडी हा पर्याय पुरेसा आहे. क्लोन अधिक काळ ठेवायचा असेल, तर एकदा माउंट करून लॉग स्वच्छ करावा, मग अनमाउंट करून नवा यूयूआयडी द्यावा.

क्लोन असेपर्यंत त्याचा मूळ स्नॅपशॉट पुसता येत नाही. अवलंबून असलेल्या क्लोनसह सगळे एकदम पुसणारा पर्याय आहे, पण तो मी वापरत नाही. स्नॅपशॉट आणि क्लोन करण्यासाठी वेगळा वापरकर्ता केला असून त्याला पुसण्याचा अधिकार मुद्दाम दिलेला नाही. अनमाउंट, आयस्कझी लॉगआउट, टार्गेटमधून व्हॉल्यूम काढणे आणि शेवटी क्लोन पुसणे हा क्रम मी स्वतः हाताने पाळतो.

टेस्ट सर्व्हर डेबियन १२ वर पोहोचला आहे. १३ वर गेल्यानंतर पीजी-अपग्रेड या साधनाने डेटाबेस नव्या आवृत्तीत हलवायचा आहे. त्यात जुने इंडेक्स (शोधासाठीच्या क्रमवार याद्या) जसेच्या तसे पुढे येतात, पण मजकुराचा क्रम ठरवणारी जीलिबसी ही सिस्टिम लायब्ररी मात्र नवी असेल आणि तिचा क्रम वेगळा असू शकतो. म्हणून देवनागरी नावांवरील सर्व इंडेक्स पुन्हा बांधून, क्लोनवरील आणि मूळ सर्व्हरवरील शोधाचे निकाल एकमेकांशी ताडून पाहणे हे पुढील आठवड्याचे काम आहे.