बॉल सोडा, लाइनकडे बघा

अमेरिकन फुटबॉलवर लोक किती जीव लावतात ते सांगायला तीन उदाहरणं पुरेत. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये 2014 साली प्रेक्षकांनी 142.2 डेसिबलचा गलका केला आणि तो गिनेसमध्ये नोंदला गेला. मिशिगन स्टेडियममध्ये 1,07,601 जागा आहेत, आणि तिथे खेळतात ते विद्यापीठाचे विद्यार्थी. ग्रीन बे पॅकर्स संघाचे मालक तर चाहतेच आहेत. त्यांनी घेतलेल्या संघाच्या शेअरवर लाभांश नाही, शेअर नफ्याने विकताही येत नाही, तरी लोक तो घेतात आणि फ्रेम करून भिंतीवर लावतात.

या खेळात धोका आहे हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण तो नेमका कुठे आहे, याबद्दल बऱ्याच चाहत्यांचा समज चुकीचा आहे. सेफ्टी (बचावातला सगळ्यात मागचा खेळाडू) धावत येतो, रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) हवेत उडवतो, स्टेडियम श्वास रोखतं आणि रिप्ले चार वेळा दाखवतात. धोका म्हटलं की हेच डोळ्यांसमोर येतं. ती धडक वाईटच असते. तरीही पुढच्या सामन्यात एक प्ले, म्हणजे बॉल खेळात आल्यापासून थांबेपर्यंतचा एक डाव, बॉलकडे न बघता मधल्या लाइनकडे, म्हणजे समोरासमोरच्या धिप्पाड खेळाडूंच्या रांगांकडे बघा.

स्नॅपआधी, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याआधी, दोन्ही लाइनमध्ये बॉलच्या लांबीएवढं, म्हणजे सुमारे 11 इंच अंतर असतं. दोन्हीकडे 130-140 किलोची माणसं गुडघे वाकवून, एक हात जमिनीला टेकवून बसलेली असतात. या बैठकीत शरीराचा सगळ्यात पुढचा भाग कोणता? डोकं. स्नॅप होतो, दोघं एकमेकांवर झेपावतात, हात पोचायच्या आत हेल्मेटवर हेल्मेट आपटतं. दोघं उठतात, पुन्हा जागेवर जातात. कोणी लंगडत नाही, शिट्टी वाजत नाही, रिप्लेही नाही. एका संघाच्या आक्रमणाचे सामन्यात साठेक प्ले होतात, नियमित हंगामात 17 सामने, शिवाय सराव, आणि त्याआधीची शाळा-कॉलेजची वर्षं. बेरीज हजारोंत जाते.

माइक वेब्स्टर पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर होता, म्हणजे ऐन या लाइनच्या मध्यावर. चार सुपर बोल (एनएफएल या व्यावसायिक लीगचे अंतिम सामने) जिंकला आणि 2002 साली पन्नाशीत गेला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि 2005 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदूत टाउ नावाचं प्रथिन साचलं होतं. डोक्याला वारंवार मार बसून होणारा हा मेंदूचा आजार म्हणजे सीटीई, आणि त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. 2017 साली बॉस्टन विद्यापीठाच्या गटाने एनएफएलमध्ये खेळलेल्या 111 जणांचे मेंदू तपासले, त्यातल्या 110 मध्ये सीटीई निघाला. हा आकडा फेकताना एक गोष्ट कायम गाळली जाते: ते मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते, आणि ज्यांना शंका होती तीच कुटुंबं बहुधा पुढे आली. त्यामुळे ‘शंभरातल्या नव्याण्णव खेळाडूंना सीटीई होतो’ असा अर्थ काढू नये. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो 2023 चा अभ्यास. 631 फुटबॉलपटूंच्या मेंदूंवरून दिसलं की सीटीईचा संबंध निदान झालेल्या कन्कशनच्या (धक्क्याने मेंदूचं काम तात्पुरतं बिघडण्याच्या) संख्येशी लागत नाही, आयुष्यभर डोक्याने सोसलेल्या एकूण आघातांशी लागतो. म्हणजे ज्या धडकांवर कोणी टाळीही वाजवत नाही, त्याच मोजायला हव्यात.

मग हेल्मेट कशाला? कवटी फुटू नये म्हणून, आणि ते काम ते उत्तम करतं. पण मेंदू कवटीत द्रवात तरंगतो. डोकं गचकन थांबलं किंवा गर्रकन वळलं की कवटी थांबते, मेंदू पुढे जातो आणि त्याचे तंतू ताणले जातात. बाहेरून कितीही चांगलं कवच घातलं तरी हे आतलं हलणं पूर्ण थांबत नाही. म्हणून ‘नवं हेल्मेट आलं, आता काळजी नाही’ असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. सरावात हेल्मेटवर जी फुगीर, मऊ टोपी दिसते ती गार्डियन कॅप. एनएफएलने 2022 साली ती आधी कोणाला सक्तीची केली बघा: लाइनमन, टाइट एंड आणि लाइनबॅकर. लाइनवर रोज आपटणारी हीच मंडळी.

आता किकऑफ, म्हणजे बॉल लाथेने समोरच्या संघाकडे मारून सुरुवात होते तो प्ले. नियम बदलले की ‘खेळ मऊ केला’ अशी ओरड होते, आणि सगळ्यात जास्त किकऑफवरून झाली. जुन्या पद्धतीत दोन टोळ्या 40-50 यार्ड धाव घेऊन एकमेकांवर आदळायच्या. धोका त्या वेगात होता. आधी बॉल आपल्या 30 ऐवजी 35 यार्ड रेषेवरून मारायला लावला, टचबॅक (बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात जाऊन प्ले तिथेच संपणं) वाढले, प्ले निर्जीव झाला. फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलमध्ये एकही किकऑफ परत आणला गेला नाही. त्याच वर्षीच्या नव्या रचनेत बॉल मारणारा 35 वरच राहतो, पण त्याचे दहा साथीदार थेट समोरच्या संघाच्या 40 यार्ड रेषेवर उभे राहतात. त्यांच्यापुढे पाच यार्डांवर अडवणारे. बॉल जमिनीला किंवा झेलणाऱ्याला लागेपर्यंत या दोन्ही फळ्यांतलं कोणीही हलायचं नाही. पळत येण्याची जागाच काढून टाकली, आणि रिटर्न परतही आले. मला हा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात हुशार बदल वाटतो. दिसायला विचित्र आहे खरा, पण डोळ्यांना सवय होते.

घरी बसून कन्कशन ओळखता येतं का? नक्की नाही, पण खुणा बऱ्याचदा दिसतात. पडलेला खेळाडू उठताना तोल जातो, पाय एकमेकांत अडकतात, नजर शून्यात, चुकीच्या हडलकडे (दुसऱ्याच संघाच्या घोळक्याकडे) चालू लागतो, डोकं झटकतो. पडल्या पडल्या हात कोपरात ताठ होऊन बोटं वाकडी झाली, तर ते मेंदूच्या दुखापतीचं चिन्ह. 2022 साली मायामी संघाचा टुआ टागोव्हायलोआ आधी बफेलोविरुद्ध लडखडला, त्याच सामन्यात परत आला, चार दिवसांनी सिनसिनाटीत त्याची बोटं अशीच आखडली. त्यानंतर प्रोटोकॉल बदलला: तोल गेलेला किंवा बोलणं अडखळणारा खेळाडू त्या दिवशी परत येत नाही. मैदानाच्या कडेचा निळा तंबू याच तपासणीसाठी असतो, आणि वर बूथमध्ये बसलेले ट्रेनर व्हिडिओ बघून सामना थांबवू शकतात. पुढे परतीचे पाच टप्पे: हलक्या हालचाली, मग धावणं किंवा सायकल, मग खेळासारखे व्यायाम, मग धडकेशिवाय सराव, आणि संघाबाहेरच्या तज्ज्ञाने मान्यता दिल्यावरच पूर्ण खेळ. कोणत्याही टप्प्यावर डोकं दुखलं की थांबायचं. ‘अजून का खेळत नाही हा’ असं लिहिण्याआधी हे आठवावं.

2 जानेवारी 2023 ला बफेलोचा डामार हॅमलिन टॅकल करून (समोरच्याला पाडून) उठला आणि कोसळला. छातीवरचा फटका हृदयाच्या ठोक्याच्या नेमक्या नाजूक क्षणी बसला आणि हृदय बंद पडलं. मैदानावरच छाती दाबायला सुरुवात झाली, झटका देणारं यंत्र हाताशी होतं, म्हणून तो वाचला आणि पुढच्या हंगामात खेळलाही. त्याच्या खेळणीवाटपाच्या निधीचं उद्दिष्ट 2,500 डॉलर होतं, चाहत्यांनी 80 लाखांहून अधिक जमवले. विरोधी संघांच्या चाहत्यांचेही पैसे त्यात होते. या खेळाच्या प्रेक्षकाबद्दल मला जे वाटतं ते त्या आकड्यात आहे.

पण हॅमलिनभोवती उभी होती तेवढी माणसं शुक्रवारी रात्रीच्या शाळेच्या सामन्याला नसतात. तिथे धोका सराव सुरू होतो त्या ऑगस्टच्या उन्हातच सुरू होतो. 2001 साली मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर सराव शिबिरात उष्माघाताने गेला. शाळांसाठीची तज्ज्ञांची शिफारस साधी आहे: पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शोल्डर पॅडही, सहाव्यापासून पूर्ण पोशाख; आणि पहिले पाच दिवस दिवसाला एकच सराव, तीन तासांच्या आत. शरीर उन्हाला सरावायला वेळ लागतोच. मुलगा बरळू लागला, भेलकांडला, तर ॲम्ब्युलन्स बोलवायची, पण तिची वाट बघत बसायचं नाही. पॅड काढून बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवायचं, डोकं धरून ठेवायचं, पाणी ढवळत राहायचं. आधी थंड करायचं, मग हलवायचं. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरला तर जीव वाचतो.

मुलाचा सामना बघायला गेलात तर बसण्याआधी एक फेरी मारा. झटका देणारं यंत्र कुठल्या भिंतीवर आहे, ती खोली उघडी आहे का, आणि बर्फाचा टब मैदानाच्या कडेला भरून ठेवलाय की गोदामात उलटा पडलाय, ते बघून घ्या.