काडेपेटीतला गंधक

शाळेच्या हीरक महोत्सवाची पत्रिका हातात पडली आणि मला विज्ञानाच्या बाईंची शिसपेन्सिल आठवली. साल १९७९, नववीचा वर्ग. बाईंनी पेन्सिल कागदावर घासली आणि म्हणाल्या, "हा काळा डाग आणि ऑपेरा हाऊसच्या बाजारात पुडीत बांधून विकतात तो हिरा, दोन्ही कार्बनच." आम्ही परळच्या चाळींतली मुलं. हिरा कुणी पाहिलेला नव्हता, पेन्सिल मात्र रोज हातात. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना घट्ट धरून असतो. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये तो तिघांनाच धरतो, त्यातून थर तयार होतात, आणि थराथरांतली पकड इतकी ढिली की कागदावर नुसतं घासलं तरी ते सुटून येतात. एका थरातल्या शेजारच्या अणूंत अंतर १.४२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), दोन थरांत ३.३५. हे आकडे बाईंनी फळ्यावर लिहून दिले होते.

ते पाठ झालं. कळलं मात्र गंधकामुळे.

प्रयोगशाळेच्या खिडक्यांतून गिरणीची चिमणी दिसायची. त्या दिवशी बाईंनी सगळ्या खिडक्या सताड उघडायला लावल्या आणि परीक्षानळीत पिवळी पूड घेऊन बर्नरवर धरली. गंधक वितळला, पातळ पिवळा रस झाला. बाई तापवतच राहिल्या. रस लालसर झाला, मग गडद तपकिरी, आणि इतका घट्ट की त्यांनी नळी उलटी धरली तरी थेंब पडेना. तापवलं की वस्तू पातळ होते, हे आम्ही घरी तुपापासून गुळापर्यंत बघत आलेलो. इथे उलटंच. आणखी तापवल्यावर तो पुन्हा पातळ झाला, उकळू लागला, तेव्हा बाईंनी बारीक धार धरून तो गार पाण्यात ओतला. पाण्यातून निघाली एक तपकिरी दोरी. ओढली तर रबरासारखी ताणली जायची.

मग बाईंनी खडू घेतला. गंधकाचे आठ अणू हात धरून एक कडं करतात. वितळला तरी कडी तशीच राहतात, एकमेकांवरून घसरतात, म्हणून रस पातळ. १६० अंशांच्या आसपास कडी तुटून उघडतात, एकाचं टोक दुसऱ्याला जुळतं, हजारो अणूंच्या साखळ्या होतात आणि गुंततात. म्हणून घट्टपणा. अजून तापवलं की साखळ्याच तुटून आखूड होतात. एकदम गार पाण्यात पडल्यावर मात्र साखळ्यांना पुन्हा कडी व्हायला सवड मिळत नाही. "सवड मिळाली नाही म्हणून हा असा आहे," बाई म्हणाल्या.

त्यातला एक तुकडा मी मागून घेतला आणि काडेपेटीत ठेवला. चाळीत सगळ्यांना ताणून दाखवला. काही दिवसांनी पेटी उघडली तर तो फिकट पिवळा पडलेला. ताणायला गेलो आणि कटकन मोडला. आपण काहीतरी बिघडवलं या धास्तीने मी ते दोन तुकडे बाईंकडे नेले. त्यांनी ते तळहातावर घेऊन निरखले आणि म्हणाल्या, "बिघडला नाही रे. त्याला सवड मिळाली." साखळ्या सुटून परत कडी झाली होती, माझ्या काडेपेटीत, आपली आपण.

वडील गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात, कोरडी झाली की सूत तटातट तुटतं, हे त्यांच्याकडून ऐकलेलं मी बाईंना सांगितलं. त्यांनी तासाचा धडा बाजूला ठेवला. कापूस म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या, पाण्याला धरून ठेवणाऱ्या. तो हवेतून आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओल घेतो, आणि ओला झाला की धागा आणखी चिवट होतो. टेरिलीन या कृत्रिम धाग्याच्या साखळ्यांना पाण्याचं प्रेम नाही, ते अर्धा टक्काही ओल घेत नाही. म्हणून त्याची सुरकुती पडत नाही आणि घामही टिपला जात नाही. रात्री हे वडिलांना सांगितलं. त्यांनी हातातला घास तसाच धरून सगळं ऐकून घेतलं. इतकी वर्षं जे हाताला ठाऊक होतं, त्याचं कारण त्यांना मुलाच्या तोंडून कळत होतं. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते खातं आमच्या घरापुरतं संपलं. मी डिप्लोमा करून हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू तापवून-निववून हवा तसा कठीण किंवा मऊ करायच्या कामाला लागलो. तिथे मला गंधक पुन्हा भेटला, पोलादाच्या रूपात. पोलाद लाल तापवलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बनला त्यांच्यात राहायला जागा होते. सावकाश निवू दिलं तर कार्बन बाहेर पडून वेगळा बसतो, पोलाद मऊ राहतं. एकदम पाण्यात बुडवलं तर त्याला निघायला सवड मिळत नाही. अडकलेला कार्बन सगळी मांडणी ताणून धरतो. पोलाद कठीण होतं आणि काचेसारखं ठिसूळही. गावचा लोहार कोयत्याला पाणी देतो ते हेच. म्हणूनच नंतर ते पुन्हा दोनशेएक अंशांवर थोडं तापवायचं, म्हणजे ताण सैल होतो. याला टेंपरिंग म्हणतात. सुरुवातीच्या दिवसांत घाईत माल द्यायचा म्हणून मी पंचांची, म्हणजे पत्र्याला भोकं पाडायच्या हत्यारांची, एक खेप पाणी देऊन रात्रभर तशीच ठेवली, टेंपरिंग सकाळी करू म्हणून. सकाळी सात पंच तडकलेले होते. कुणी हात लावलेला नव्हता. ते तुकडे हातात घेतले आणि मला काडेपेटी आठवली.

शाळा नवी प्रयोगशाळा बांधते आहे असं पत्रिकेत वाचलं. वर्गणी पाठवली आहेच. मुलांसाठी एक दिवस मी येईन. सोबत शिवणाच्या सुया आणीन. एक तापवून सावकाश निवलेली, ती वाकते. एक पाणी दिलेली, ती मोडते. एक पाणी देऊन पुन्हा थोडी तापवलेली, ती वाकून सरळ होते. तिन्ही एकाच पाकिटातल्या. फक्त बांधकाम समितीला विनंती आहे की खिडक्या मोठ्या ठेवा आणि त्या पूर्ण उघडतील अशा करा. गंधक तापवायचा आहे.